लागेल कधीतरी म्हणून जावा टाकू नका: रनटाइम आणि एक्स्टेन्शनच्या या चुका टाळा

नवा लॅपटॉप घेतला की पहिल्याच दिवशी त्यात जावा, डॉट नेट, व्हिज्युअल सी प्लस प्लस आणि चार-सहा एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) टाकून घ्यायची सवय लोकांना लागली आहे. विकणाराही "सगळं टाकून दिलंय" असं कौतुकाने सांगतो. मला हे अजिबात पटत नाही. जावा, डॉट नेट, व्हिज्युअल सी प्लस प्लस हे रनटाइम आहेत, म्हणजे दुसरा प्रोग्रॅम चालायला लागणारा आधार. तो प्रोग्रॅम मागत नाही तोवर टाकू नका, आणि मागेल तेव्हा कोणती आवृत्ती मागतोय ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. निम्मे घोटाळे तो संदेश न वाचता 'ओके' दाबल्याने होतात.

जुनं काढून नवीन जावा टाकणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण करणाऱ्याला वाटतं आपण मशीन सुधारलं. जावा ८ मध्ये ब्राउझरच्या आत जावा चालवणारं प्लगइन होतं आणि वेब स्टार्टही होतं, म्हणजे साइटवरून उतरवलेल्या जेएनएलपी फाइलमधून जावा प्रोग्रॅम सुरू करणारी सोय. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून दोन्ही काढून टाकलं. म्हणजे जावा २१ कितीही नवं असलं तरी जेएनएलपी त्याला उघडता येत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात नेमकं हेच झालं. निविदेवर डिजिटल सही करायचं साधन जेएनएलपी फाइल होतं, आणि सही यूएसबी टोकनमध्ये होती. आदल्या आठवड्यात भाच्याने मशीन 'साफ' करून जावा ८ काढलं आणि २१ टाकलं. शेवटच्या दिवशी फाइलवर डबल क्लिक केलं तर ती नोटपॅडमध्ये उघडली. मग घाई सुरू झाली: ब्राउझर बदलले, मिळेल ते जावा टाकलं, कुणीतरी सांगितलं म्हणून टोकनचा ड्रायव्हरही काढला. मला फोन आला तेव्हा निविदा बंद व्हायला अर्धा तास होता. आता इथे काही होणार नाही असं ठरवून साहेब टोकन घेऊन शेजारच्या ऑफिसात धावले, तिथल्या मुलाला पिन सांगितला आणि निविदा भरून आले. सगळे म्हणाले, झालं ना काम! मला मात्र अजून ते खटकतं. आयटी कायदा २००० प्रमाणे ती सही हातच्या सहीइतकीच बांधील असते, आणि तिचा पिन परक्या माणसाला माहीत झाला. पिन बदला, हे मला दोनदा सांगावं लागलं.

संध्याकाळी सगळी जावा काढली, मशीन रीस्टार्ट केलं, टोकनचा ड्रायव्हर परत टाकला, जावा ८ चं टेमुरिन (जावाची फुकट मिळणारी आवृत्ती) आणि सोबत जेएनएलपी चालवणारं ओपनवेबस्टार्ट टाकलं. फाइल लगेच चालली. ऑफिसांत मी टेमुरिनच टाकतो, कारण एप्रिल २०१९ पासून जावाची मालक कंपनी ऑरॅकल हिच्या जावा ८ चे नवे अपडेट फक्त वैयक्तिक वापराला फुकट आहेत. धंद्यासाठी वर्गणी लागते. ज्या मशीनवर सही चालते, त्यातल्या जावाला निविदेच्या आठवड्यात मी कुणाला हात लावू देत नाही.

'क्लास फाइल व्हर्जन' अशी चूक दिसली तर त्यातला आकडा बघा: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. प्रोग्रॅमला काय हवंय ते तिथेच लिहिलेलं असतं.

लिबरऑफिस या फुकट ऑफिस प्रोग्रॅमसाठीही लोक उगाच जावा टाकतात. पत्रं आणि हिशेब करायला जावा लागत नाही. 'बेस' हा डेटाबेस वापरत असाल तर लागतं.

एकच डीएलएल फाइल शोधून आणणं

डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी सहायक फाइल. 'एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल सापडत नाही' असं आलं की लोक ती फाइल शोधतात, कुठल्यातरी साइटवरून उतरवतात आणि सिस्टम फोल्डरमध्ये चिकटवतात. कृपा करून हे करू नका. त्या फाइलमध्ये कोणी काय घातलंय ते तुम्हाला कळणार नाही. ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकमध्ये असते आणि २०१५ ते २०२२ साठी पॅक एकच आहे. विंडोज ६४ बिट असलं तरी प्रोग्रॅम ३२ बिट असेल तर ३२ बिटचाच पॅक लागतो. मी दोन्ही टाकतो. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत २००८, २०१०, २०१३ असे वेगळे पॅक दिसले तर जागा वाचवायला उडवू नका, कुठला तरी प्रोग्रॅम त्यांवर चालत असतो.

बाकीच्या चुका

फ्लॅश हे ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि गेम चालवणारं जुनं प्लगइन. 'फ्लॅश अपडेट करा' असं आलं तर ती फसवणूकच समजा. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं.

विंडोज १० वर डॉट नेट ३.५ हवं असेल तर ते 'विंडोज फीचर्स'च्या यादीत टिक करून मिळतं.

इन्स्टॉलरमधल्या आधीपासून टिक केलेल्या चौकोनांकडे बघितल्याशिवाय 'नेक्स्ट' दाबू नका.

एक्स्टेन्शन टाकताना 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी दिसली की थांबा. त्यात तुमची बँकही आली. आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या विकलं जाऊ शकतं: लाखो लोक वापरत असलेलं 'द ग्रेट सस्पेंडर' हे एक्स्टेन्शन नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने मालवेअर म्हणून बंद केलं. बँक आणि जीएसटीसाठी मी क्रोमची वेगळी प्रोफाइल ठेवतो, तिच्यात एकही एक्स्टेन्शन नाही. दुसऱ्या प्रोफाइलमधल्या एक्स्टेन्शनना साइटची परवानगी 'क्लिक केल्यावर' एवढीच दिलेली आहे.