बडी दिसेनासा झाला तेव्हा

चौदाव्या स्कूबा डाइव्हपर्यंत माझी समजूत होती की बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, हा फक्त बोटीवर आपल्या शेजारी बसलेला माणूस. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी ती समजूत मोडली. मुरुडेश्वरहून निघालेल्या बोटीवर भराभर जोड्या लागल्या आणि माझ्या वाट्याला कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ आले. मी नाव विचारलं, त्यांनी हसून अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ओके’ केलं, आणि आम्ही उतरलो. 17 मीटरवर ते एका कपारीपाशी फोटो काढत थांबले, मी जरा पुढे सरकले, वळून पाहिलं तर कुणीच नाही.

नियम मला पाठ होता. एक मिनिट आजूबाजूला, वर-खाली शोधायचं, नाही दिसला तर सावकाश वर यायचं आणि पाण्यावर भेटायचं. मी चार मिनिटं शोधत राहिले. त्यांना खाली टाकून वर जायचं कसं, एवढंच डोक्यात होतं. श्वास वाढला, टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा 90 वरून 60 बारवर आला, तेव्हा भानावर आले. वर येऊन बोटीला धरून थांबले ती दहा मिनिटं फार वाईट गेली. ते वर आले ते आनंदात. “तू मागेच आहेस असं वाटलं,” म्हणाले. त्यांचं चुकलं तसं माझंही चुकलं. आम्ही दोघंही त्या दिवशी एकेकटेच डाइव्ह करत होतो, फक्त एकट्याने उतरायला लागते ती तयारी दोघांपैकी कुणाकडेच नव्हती.

आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात मालवण-तारकर्लीला होते. तिथे गाइड तुमची टाकी हातात धरून तुम्हाला काही मीटर खाली नेतो आणि सगळं तोच सांभाळतो. त्यामुळे सोबत म्हणजे आपल्याला कुणीतरी धरलेलं असणं, असं मनात बसतं. पुढे ओपन वॉटर हा पहिला रीतसर कोर्स करून 18 मीटरपर्यंत जायची परवानगी मिळाली की तो धरणारा हात सुटतो. त्याच्या जागी येतो बडी, आणि तो तुमच्याइतकाच नवखा असू शकतो.

बडीचं अंतर का महत्त्वाचं, हे मला हिशेब मांडल्यावर कळलं. तुम्हीही एकदा कागदावर मांडा. 12 लिटरची टाकी 200 बारला भरली की तिच्यात साधारण 2400 लिटर हवा. जमिनीवर मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर 20 मीटरवर दाब तिप्पट, म्हणून 60 लिटर. आता समजा, त्या खोलीवर एकाची हवा संपली, आणि दुसऱ्याच्या टाकीत 50 बार, म्हणजे 600 लिटर आहेत. घाबरलेली दोन माणसं प्रत्येकी दुप्पट हवा ओढतात, म्हणजे मिनिटाला 240 लिटर. पहिलं मिनिट गोंधळात गेलं की उरले 360. मिनिटाला 9 मीटर या वेगाने दोघांना वर यायला साडेतीनशेच्या आसपास लागतात. 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे अंगात साठलेला नायट्रोजन सावकाश निघावा म्हणून घ्यायचा थांबा, यात धरलेलाच नाही. म्हणून 50 बार उरले की निघायचं असं मनात ठेवू नका, 50 बार घेऊन बोटीपाशी पोहोचायचं असं ठेवा. आणि बडी दहा मीटर लांब असेल तर वरचा सगळा हिशेब निरर्थक, कारण त्याचा ऑक्टोपस, म्हणजे दुसऱ्याला श्वास घ्यायला द्यायचा जादा माउथपीस, तुमच्या तोंडापर्यंत पोहोचणारच नाही.

नेत्राणीनंतर काही महिने मला वाटत होतं की असल्या सोबतीपेक्षा एकटीने उतरलेलं बरं. एकट्याच्या डाइव्हिंगचेही रीतसर कोर्स आहेत. एसडीआय या प्रशिक्षण संस्थेचा सोलो डायव्हर, पॅडी या संस्थेचा सेल्फ-रिलायंट डायव्हर. दोन्हीकडे किमान 100 डाइव्हची नोंद मागतात. शंभरी उलटल्यावर मी असा एक कोर्स केला. त्यात शिकले ते असं: मुख्य टाकीखेरीज स्वतंत्र रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) लावलेली छोटी टाकी, जादा मास्क, हाताला सहज लागतील अशी दोन कापायची साधनं, आपण कुठे आहोत ते बोटीला कळावं म्हणून पाण्यावर सोडायचा मार्कर बोया, आणि स्वतःच्या श्वासाचा चोख हिशेब. मला तो कोर्स फार आवडला. शंभर डाइव्ह करून इतकं सगळं शिकून जे एकटे उतरतात, त्यांना मी बेजबाबदार म्हणणार नाही. खरं तर नवख्या विद्यार्थ्यांना घेऊन उतरणारा प्रत्येक इन्स्ट्रक्टरही जवळपास एकटाच असतो. त्याला काही झालं तर त्या मुलांपैकी कोण त्याला वर आणणार?

तरीही मी स्वतः एकटी उतरत नाही, ते गोव्यातल्या एका सकाळमुळे. ग्रँड आयलंडजवळ पाणी गढूळ होतं, चार-पाच मीटरपलीकडे दिसत नव्हतं. खडकाला अडकलेलं तुटकं तंगूस माझ्या टाकीच्या व्हॉल्व्हभोवती गुंतलं. सुरी होती, पण हात तिथवर पोहोचेना, आणि वळावं तसं ते जास्तच आवळत होतं. सोबतची मैत्रीण दोन हातांवर होती. तिने माझा खांदा दाबून ‘थांब’ अशी खूण केली आणि अर्ध्या मिनिटात ते कापून काढलं. कोर्समध्ये मी पाण्याखाली बीसीडी, म्हणजे टाकी बांधलेलं हवा भरायचं जॅकेट, काढून अडकलेला दोर सोडवायला शिकले होते. त्या गढूळ पाण्यात, तशा लाटेत मला ते जमलं असतं का? मला खात्री नाही. आणि पाण्याखाली कुणी बेशुद्ध पडलं, तर पाठीवरच्या दुसऱ्या टाकीचा त्याला काय उपयोग?

म्हणून नव्याने येणाऱ्यांनो, बोटीवर अनोळखी माणसाशी जोडी लागली की संकोच करू नका, विचारा. किती डाइव्ह झाल्या, शेवटची कधी केली, हवा लवकर संपते का, कॅमेरा नेणार का. कोण डाव्या बाजूला राहणार ते ठरवा. चुकामूक झाली तर एक मिनिट आणि मग वर, हे दोघांनी मोठ्याने बोलून घ्या. उतरण्याआधी एकमेकांचं बीसीडी, वजनं, बकलं आणि हवा हात लावून तपासा, नुसतं बघून सोडू नका. त्याचा ऑक्टोपस कुठे लटकतो ते पाहून ठेवा. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’, हे माहीत असूनही घाईत हात चुकतो, त्याचीही उजळणी करा. आणि समोरचा या सगळ्याला कंटाळलेला दिसला तर डाइव्ह लीडरला सांगून जोडी बदलून घ्या. मी दोनदा घेतली आहे. तेवढ्यापुरतं वाईट वाटलं, पण दोन्ही वेळा डाइव्ह शांतपणे झाली.

नवखा सोबत असला की पाण्याखाली गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच मी त्याला गेज विचारते. तो बोटांनी आकडा दाखवतो, मी माझा दाखवते. पुढच्या पाच मिनिटांनी बहुतेक वेळा तोच आधी माझ्याकडे वळून विचारतो.