पिंपळाच्या पानाचं चांदीचं पेंडंट, घरच्या घरी

सिल्व्हर क्ले म्हटलं की लोकांना वाटतं चांदीचा रंग दिलेली माती असेल, तसं नाहीये, खरी चांदीच असते ती, मैद्यासारखी बारीक पूड, त्यात पाणी आणि भाजताना जळून जाणारा एक चिकट पदार्थ. १९९० च्या सुमारास जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्सने ही काढली. भाजल्यावर हातात येते ती ९९९ ची चांदी (हजारात ९९९ भाग चांदी), म्हणजे दागिन्यांच्या नेहमीच्या ९२५ पेक्षा शुद्ध, पण मऊ, त्यामुळे रोज घासली जाणारी जोडवी वगैरे यात करू नका. पेंडंट, कानातले झकास होतात. क्ले स्वस्त नाही हे आधीच सांगते, वजनाला चांदीच्या भावापेक्षा बरीच महाग पडते.

पहिल्यांदा करताय तर पान करा, लाटायची भानगडच नाही. पिंपळाचं छोटं, कोवळं नाही पण जाड शिरांचं पान घ्या, धुऊन पुसून उलटं करा, कारण शिरा मागच्या बाजूला उठून असतात आणि आपल्याला त्याच हव्यात. पेस्ट क्लेची डबी मिळते ती घ्या, नाहीतर साध्या क्लेत थेंब थेंब पाणी घालून दह्याइतकी सैल करा. मऊ ब्रशने पहिला हात अगदी पातळ द्या म्हणजे शिरांच्या खाचाखोचांत जाईल, तो वाळला की दुसरा, असे दहाबारा हात. देठाकडे थोडं जाड ठेवा, कडीचं भोक तिथेच पाडायचंय. आणि ॲल्युमिनियमची फॉइल किंवा ताटली खाली घेऊ नका, क्ले त्याच्याशी रिॲक्ट होते.

आता वाळवणं, सगळा खेळ इथेच आहे. मी घाईघाईत हेअर ड्रायर मारला, पान आक्रसून गोळा झालं, ते तसंच भाजलं तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन फुगून तडकलं. म्हणून रात्रभर पंख्याखाली. सकाळी किंचित कोमट करून गार आरशावर मिनिटभर ठेवा, उचलल्यावर आरशावर धुकं दिसलं तर अजून ओलं आहे. पूर्ण वाळलं की ६०० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने कडांना, आणि बारीक ड्रिल बिट चिमटीत फिरवून भोक. जे काय घासायचं ते आत्ताच, भाजल्यावर धातूशी झटापट करावी लागते.

भाजायला छोटा ब्यूटेन टॉर्च (गॅसची ज्योत सोडणारा) आणि फायर ब्रिक, म्हणजे आच सोसणारी वीट लागते, ओट्याच्या ग्रॅनाइटवर थेट करू नका, तडकेल. खिडक्या उघड्या, पंखा बंद, केस बांधा, ओढणी काढून ठेवा, लाईट मंद ठेवा म्हणजे रंग कळतो. ज्योत गोल गोल फिरवत राहायची. आधी धूर येतो, पान भुर्रकन पेटतं, घाबरू नका, मग तुकडा पांढरा पडतो आणि हळूहळू पिकलेल्या आंब्यासारखा केशरी दिसायला लागतो, तिथून दोन मिनिटं तोच रंग टिकवायचा. मधेच पृष्ठभाग आरशासारखा चमकला तर ज्योत ताबडतोब बाजूला, चांदी ९६२ अंशाला वितळते आणि तुम्ही त्या उंबरठ्यावर आहात. आकार आठ-दहा टक्के कमी होतो, तेवढं धरून चाला.

गार झाल्यावर चुना लावल्यासारखं पांढरंफटक दिसेल, "वाया गेलं" म्हणून टाकू नका! रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासा, सोनार करतात तसंच, आणि मग गुळगुळीत स्टीलच्या चमच्याच्या पाठीने शिरा चोळा, चमक तिथून येते. ऑक्सिडाइज्ड लूक हवा असेल तर उकडलेलं अंडं बलकासकट कुस्करून डब्यात घाला, पेंडंट त्याला न टेकवता आत ठेवून झाकण लावा, काही तासांत काळपट होतं, वरच्या शिरा कापडाने पुसल्या की नक्षी उठते. अंडं चालत नसेल घरात तर पांढरंच ठेवा, काही बिघडत नाही.

घासताना पडलेली पूड आणि डबीत वाळलेली पेस्ट मात्र फेकायची नाही, पाणी घालून रात्रभर ठेवली की परत वापरता येते.