सोन्याचा वायदा की वेढणी?

जळगावच्या सराफ बाजारात मी हिशेब लिहितो. लग्नसराई जवळ आली की प्रश्न ठरलेला: वेढणी, म्हणजे शुद्ध सोन्याची साधी वळी, घेऊन ठेवू, की एमसीएक्स या वायदेबाजारावर वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा आज ठरलेल्या भावाचा सौदा? आमचे मेव्हणे तर ठरवूनच आले होते, "दाजी, लाखभरात शंभर ग्रॅम!"

मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी भरायची अनामत, बाजूला ठेवा. आधी लॉटची, म्हणजे एका सौद्यातल्या ठरलेल्या मालाची, पूर्ण किंमत कागदावर लिहा. गोल्ड मिनी या वायद्याचा लॉट 100 ग्रॅमचा, भाव मात्र 10 ग्रॅमचा दिसतो. हिशेबापुरता तोळा 1,00,000 धरला, तर लाखभर भरून तुम्ही दहा लाखांच्या चढ-उतारावर बसलात. तोळ्यामागे 2,000 उतरले की त्याच दिवशीच्या हिशेबात खात्यातून 20,000 जातात. खात्यात तेवढे नसले आणि वेळेत भरलेही नाहीत, तर ब्रोकर सौदा कापतो. मग परवा भाव चढला काय, न चढला काय. दहा तोळ्यांची वेढणी ज्याच्या कपाटात आहे त्याचंही तेवढंच घटलं, पण त्याच्या दारात कोणी मागायला येत नाही.

शिवाय कपाटातल्या वस्तूची किंमत फार तर शून्य होते, वायद्याची त्याखालीही जाऊ शकते. 20 एप्रिल 2020 ला एमसीएक्सवर कच्च्या तेलाचा वायदा उणे 2,884 रुपये बॅरलने मिटवला गेला. 100 बॅरलचा लॉट घेतलेल्यांना सगळं गमावून वर पैसे भरावे लागले.

वेढणीलाही खर्च आहेच. 3 टक्के जीएसटी, म्हणजे दहा लाखांवर 30,000, आणि मोडताना ते परत मिळत नाहीत. दागिना असेल तर मजुरीही गेली. म्हणून चार-सहा आठवड्यांच्या भावाशीच मतलब असेल तर वायदा स्वस्त. खरा उपयोग सराफाला: माल पडून असताना तो वायदा विकून ठेवतो, भाव पडला तर दुकानातली खोट तिकडे भरून निघते.

तरी करायचाच असेल तर एक ग्रॅमच्या गोल्ड पेटल वायद्यापासून करा. मुदत जवळ आली की आधीच बाहेर पडा, नाहीतर मार्जिन वाढतं आणि डिलिव्हरी गळ्यात येते. पुढच्या महिन्यात सौदा सरकवायचा तर तो वायदा बहुधा महाग असतो.

मेव्हण्यांना मुलीच्या लग्नाला सोनंच लागणार आहे. त्यांना सांगितलं, दर महिन्याला जमेल तेवढी वेढणी घ्या आणि बिल जपा. 24 महिन्यांनंतर मोडलं तर नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो, तेव्हा खरेदीची किंमत दाखवावी लागते. वायद्याचा नफा धंद्याच्या उत्पन्नात धरतात; ते सीएला आधीच सांगून ठेवायचं.