तापात आकडी येऊन गेली? मग रक्तातलं लोहही बघा

आकडी चालू असताना मुलाला कुशीवर झोपवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 लावा. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लोहाचं काम त्यानंतरचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या ज्या मुलांना तापात आकडी येते, त्यांच्यात लोहाची कमतरता जास्त आढळते. मेंदूतले संदेश पोचवणारी रसायनं तयार व्हायला लोह लागतं, म्हणून हा संबंध पटण्यासारखा आहे. पण लोह दिलं की आकडी पुन्हा येणारच नाही, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

डॉक्टरांना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) यांबद्दल विचारा. या वयात हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे साधारणपणे ॲनिमिया (दोन वर्षांखालच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2024 पासूनची मर्यादा 10.5 आहे). पण हिमोग्लोबिन 11.3 असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो. गफलत होते ती फेरिटिनमध्ये. निरोगी मुलात ते 12 च्या खाली असेल तर लोह कमी. तापात मात्र ते आपोआप वर चढतं, त्यामुळे भर तापात 25 आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ताप उतरून दोन-तीन आठवडे झाले की पुन्हा तपासा. सीबीसीच्या रिपोर्टात एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 62 आणि आरबीसी (लाल पेशींची संख्या) 5.4 दिसले, तर पहिल्याला दुसऱ्याने भागून भागाकार साडेअकराच्या आसपास येतो. तो 13 च्या खाली असेल तर थॅलेसेमिया मायनरची (आई-वडिलांकडून येणारा, लोहाअभावी नसलेला रक्तदोष) शंका घेऊन आधी ती तपासणी करतात.

उपचाराचा डोस साधारण किलोमागे रोज 3 मिलिग्रॅम, तोही डॉक्टरांनी ठरवलेला. 10 किलोच्या मुलाला 30 मिलिग्रॅम. बाटलीवर 'एलिमेंटल आयर्न' (म्हणजे निव्वळ लोह) किती लिहिलंय ते वाचा. क्षाराचं वजन आणि लोहाचं वजन एक नव्हे. अंगणवाडीतलं आठवड्यातून दोनदा 1 मिली सिरप (20 मिलिग्रॅम) प्रतिबंधासाठी असतं, ॲनिमियाच्या उपचाराला ते पुरत नाही. ते चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. मूल तापाने फणफणलेलं असताना लोह थांबवायचं का, हेही विचारून घ्या.

सिरप दुधासोबत किंवा चहासोबत देऊ नका, लिंबूपाण्यासोबत चालतं. शी काळी होईल, घाबरू नका. दात काळे पडू नयेत म्हणून ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा.

आणि दूध! 'जेवत नाही, निदान दूध तरी पितो' म्हणत दिवसाला लिटरभर पाजलं जातं, तिथेच लोह आटतं. वर्षानंतर अर्धा लिटर पुष्कळ झालं. भूक लागू द्या; अंडं, खिमा, मटकीची उसळ, वर लिंबू पिळून.

महिन्याने हिमोग्लोबिन निदान 1 ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं की बाटली बंद करू नका, साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. बाटली कुलुपात ठेवा: गोड म्हणून मुलाने गटागट प्यायली तर जिवावर बेतू शकतं.