साउंड कार्ड बसवलं, तरी आवाज तसाच? या चुका टाळा

पहिलं साउंड कार्ड (कॉम्प्युटरच्या आवाजासाठी मदरबोर्डवर वेगळं बसवायचं कार्ड) घेतलं तेव्हा मी तीन आठवडे त्याचं तोंडभरून कौतुक केलं. डग्ग्याचा घुमार कसा खुलला, तंबोऱ्याच्या तारा कशा सुट्या ऐकू येतात, हे घरी येईल त्याला हेडफोन घालून ऐकवलं. चौथ्या आठवड्यात धूळ झटकायला कॅबिनेट उघडलं, तर पुढच्या जॅकची वायर अजून मदरबोर्डलाच खोचलेली. हेडफोन मी रोज त्या पुढच्याच जॅकला लावत होतो. म्हणजे नवं कार्ड आत नुसतं बसून होतं आणि मी जुनाच आवाज नव्या पैशांच्या जोरावर ऐकत होतो.

म्हणून कुणी ‘कार्ड घेतलं पण फरक नाही’ म्हणालं, की मी आधी एवढंच विचारतो: आवाज नेमका कुठल्या भोकातून बाहेर पडतोय?

पुढच्या जॅकची वायर

कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोन-माइक जॅकमधून एक वायर आत येते. तिच्या टोकाला छोटा चौकोनी प्लग असतो, त्यावर ‘एचडी ऑडिओ’ असं छापलेलं असतं. दहा पिनांची जागा, त्यातली एक बुजवलेली, त्यामुळे तो उलटा बसत नाही. हा प्लग मदरबोर्डवरून काढून कार्डाच्या कडेला असलेल्या तशाच पिनांवर लावायचा. बऱ्याच चांगल्या कार्डांवर ही सोय असते, काही स्वस्त कार्डांवर नसते. नसेल तर हेडफोन मागे, थेट कार्डालाच लावावा लागेल. जुन्या कॅबिनेटच्या वायरला दोन प्लग असतात, एकावर ‘एसी ९७’ लिहिलेलं असतं. तो १९९७च्या जुन्या पद्धतीचा; त्याला हात लावू नका.

वायर पुरत नाही ही नेहमीची रड. मदरबोर्डवर या पिना बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यात असतात आणि कार्ड बसतं वर. जोरात ओढून पिन वाकवण्यापेक्षा एक्स्टेंशन वायर आणा. पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड धुंडाळला की अशा गोष्टी मिळतात.

कार्डाला वळसा घालणारा आवाज

यूएसबी हेडसेटच्या पोटात स्वतःचं छोटं साउंड कार्डच असतं. ब्लूटूथ हेडफोनचंही तेच. एचडीएमआयने मॉनिटरच्या स्पीकरला जाणारा आवाज ग्राफिक्स कार्डातून जातो. या तिन्ही वाटांवर तुमचं नवं कार्ड येतच नाही. आकड्यांचा आवाज होऊन तो तारेत उतरतो जिथे, तिथलीच चिप त्याचा दर्जा ठरवते. ऑप्टिकल केबलने होम थिएटरला जोडलंत तर ते कामही ॲम्प्लिफायर करणार, कार्ड फक्त हमाल. शिवाय त्या केबलमधून न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) आवाज दोनच चॅनलचा जातो. गेमचा ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) हवा असेल, तर कार्डात तो आवाज चालता चालता दाबून पाठवणारी ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’सारखी सोय आहे का ते विकत घेण्याआधी बघा.

आणि ते दीड-दोनशे रुपयांचं ‘७.१’ लिहिलेलं यूएसबी डोंगल? त्याला एक भोक हेडफोनचं, एक माइकचं. सात स्पीकर जोडणार कुठे? पुढचा हेडफोन जॅक तुटला असेल तर कामचलाऊ म्हणून ठीक आहे, इतकंच.

मुळात गरज आहे का?

१९८९ साली क्रिएटिव्ह या सिंगापूरच्या कंपनीने पहिलं साउंड ब्लास्टर आणलं, तेव्हा बहुतेक घरगुती पीसीला टूं-टूं करणाऱ्या स्पीकरपलीकडे आवाजच नव्हता. तेव्हा कार्ड म्हणजे चैन नव्हे, गरज होती. आज रियलटेकची एएलसी १२२० ही मदरबोर्डवरची चिप आवाज आणि गोंगाट यांच्यातल्या अंतरात कागदावर १२० डेसिबलपर्यंत पोचते आणि सीडीची स्वतःची मर्यादा साधारण ९६ आहे. कार्ड लावलं की गेम पळतात, हा सल्लाही जुना झाला. विंडोज व्हिस्टाने आवाजाची आतली रचना बदलली, तेव्हापासून तो फायदा जवळजवळ संपला.

मग घ्यायचं कशासाठी? इअरफोनमध्ये बारीक फसफस ऐकू येत असेल, किंवा २५०-३०० ओहमचा (जास्त व्होल्टेज मागणारा) हेडफोन मदरबोर्डला झेपत नसेल, तर. खोक्यावरच्या ३८४ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगच्या आकड्यासाठी घेऊ नका. लॅपटॉपमध्ये तर स्लॉटच नसतो, तिथे बाहेरून लावायचा यूएसबी डॅक (आकड्यांचा आवाज करणारी छोटी डबी) एवढाच मार्ग.

स्लॉट, पॉवर, ड्रायव्हर

पीसीआय एक्सप्रेसचं छोटं कार्ड लांब स्लॉटमध्येही चालतं, पण सेकंडहँड बाजारातलं साधं पीसीआय कार्ड त्यात बसत नाही. नाव सारखं म्हणून फसू नका. आजची ग्राफिक्स कार्डं इतकी जाड झालीत, की खालचा छोटा स्लॉट झाकलाच जातो. खरेदीआधी कॅबिनेट उघडून मोकळी जागा बघा. काही कार्डांना एसएमपीएसकडून (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) वेगळी पॉवर केबल लागते. ती विसरलात तर कार्ड दिसतच नाही किंवा हेडफोनला जोर मिळत नाही.

ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये नवं कार्ड मुख्य आउटपुट म्हणून निवडा आणि व्हिडिओ मीटिंगच्या ॲपमध्येही तेच पुन्हा निवडा, कारण ते ॲप स्वतःची निवड जपून ठेवतं. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाल्यावर आवाज अचानक गेला, तर कार्ड बिघडलं असं धरू नका. बहुतेक वेळा विंडोजने मॉनिटरला मुख्य आउटपुट करून ठेवलेलं असतं. फार घोळ होत असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन मदरबोर्डचा ऑडिओ बंद करून टाका.

घुं आणि चिर्र

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. आधी आवाजाची जात ओळखा. सतत एकसुरी ‘घुं’ असेल तर ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची आणि अर्थिंगची तक्रार आहे. माउस हलवला, पान सरकवलं की बदलणारी ‘चिर्र’ असेल तर ती कॉम्प्युटरच्या पोटातली आहे. आतल्या कार्डाने ती कमी होईल, पण नेहमी जातेच असं नाही. न गेल्यास यूएसबी डॅक किंवा ऑप्टिकल हा उपाय.

शेजारच्या काकांच्या स्पीकरमधून घुं यायचं. त्यांनी कार्ड बदललं, केबल बदलली, स्पीकरही बदलायला निघाले होते. मी म्हटलं, “काका, टीव्हीची केबल सेटटॉप बॉक्समधून काढा बरं जरा.” काढली आणि घुं थांबलं. सेटटॉप बॉक्स त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला होता. गच्चीवरून आलेली केबल एका बाजूने जमिनीला जोडलेली, कॉम्प्युटर तीन पिनांच्या प्लगने दुसऱ्या बाजूने, आणि मधल्या ऑडिओ वायरमधून वीज फेऱ्या मारत होती. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिलं तर ऑडिओ लाइनमध्ये लावायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो.

मात्र कुणी सांगतं, ‘अर्थची जाड पिन तोडून टाक, घुं जाईल.’ खरंच जातं. आणि त्याबरोबर शॉक लागण्यापासूनचं संरक्षणही जातं. अजिबात करू नका. उलट बऱ्याच जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंग मुळात नसतंच. अशा घरात कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावा, दिवा पेटतो. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात आणि अर्थ नसला की ते पत्र्यावर जवळजवळ निम्मा व्होल्टेज सोडतात. करंट इवलासा, म्हणून नुसती झिणझिण जाणवते. ती झिणझिण हेडफोनच्या वायरीवरून थेट कानात येते. इथे कार्ड बदलून काही होणार नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तडतड आणि माइक

मध्येच तडतड, तुटतुट होत असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरलेला असतो. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा, कोण अडवतंय ते नावानिशी सांगतं. मी बघितलेल्या दोन कॉम्प्युटरांत वायफायचा ड्रायव्हर निघाला. यूएसबी डॅक असेल तर हब काढून थेट मागच्या पोर्टला लावा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) ६४ सॅम्पल ठेवून तडतड होत असेल, तर २५६ करा. ४८ किलोहर्ट्झला त्या बफरचा उशीर साडेपाच मिलिसेकंदांपेक्षाही कमी असतो, गाणाऱ्याला तो सहसा कळतही नाही.

रियाज रेकॉर्ड करायला म्हणून साउंड कार्ड घेणार असाल तर थांबा. स्टुडिओचा एक्सएलआर कंडेन्सर माइक कार्डाच्या गुलाबी (माइकच्या) भोकाला चालत नाही. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे स्टुडिओचा माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यात, असते. तेवढ्याच पैशांत इंटरफेस घ्या, त्याला हेडफोनही लागतो. आणि मोबाइलच्या इअरफोनचा माइक कार्डावर चालत नसेल तर त्याच्या पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन असतील तर आवाज आणि माइक एकाच पिनेत आहेत. दोन्ही वेगळे करणारा दुतोंडी स्प्लिटर लावा.

इतकं करूनही आवाज पिंपात बसल्यासारखा येत असेल, तर कार्ड परत पाठवण्याआधी त्याच्या सॉफ्टवेअरमधला सराउंड, विंडोजमधली एन्हान्समेंट आणि प्लेअरमधला इक्वलायझर, तिन्ही बंद करून तेच गाणं पुन्हा लावा. बहुतेक वेळा तिन्ही एकाच वेळी चालू असतात.