किमोच्या आदल्या रात्री पेशंटजवळ बसून प्रार्थना कशी करायची

माझ्या आईच्या सहा किमो इथेच इंदूरला झाल्या, दर २१ दिवसांनी एक, आणि खरं सांगते तिला किमोपेक्षा आदल्या रात्रीचीच भीती जास्त, धडधड, हातपाय गार, सारखं बाथरूमला. तेव्हा आम्हाला जे कळत गेलं ते लिहितेय.

आधी विचारा. "आई, काही म्हणू का, की नुसती बसू?" आम्ही विचारलं नव्हतं, पहिल्या वेळी मामी, काकू, शेजारच्या भाभी सगळ्या जमून मोठ्यांदा जप करत बसल्या आणि आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, नंतर म्हणाली मला वाटलं माझं संपतच आलं म्हणून सगळे आलात. त्यानंतर एकच माणूस, हळू आवाज, दहा मिनिटं, बस.

म्हणायचं तेच जे तिला लहानपणापासून पाठ आहे. नवीन स्तोत्र नको, किमोत विसरायला होतं आणि आठवलं नाही की अजून घाबरायला होतं. आम्ही नाव श्वासाला जोडलं, घेताना 'श्रीराम', सोडताना 'जयराम', सोडायचा तो सावकाश, घेतल्यापेक्षा लांब. धडधड खरंच कमी होते. चक्कर वाटली तर थांबा. माळ जड वाटत असेल तर बोटांच्या पेरांवर मोजू दे, दुसरा हात तुमच्या हातात.

आणि किमोनंतरच्या रात्री झोप नाही आली तर सगळं मनाचंच समजू नका, उलटी होऊ नये म्हणून बऱ्याचदा डेक्सामेथासोन देतात, त्या स्टिरॉइडने झोप उडते, डॉक्टरांना सांगा.

अगरबत्ती, कापूर खोलीत नको, वासाने मळमळतं. किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी खाली जातात, इन्फेक्शन पटकन होतं, तेव्हा इथल्या खजराना गणपतीच्या देवळातल्या गर्दीत नेऊ नका, बुधवारी तर नाहीच, आम्ही पहाटे देवळाबाहेर गाडी थांबवायचो आणि आई काचेतूनच हात जोडायची. तीर्थ, कच्च्या दुधाचं पंचामृत, कापलेल्या फळांचा प्रसाद पण नको. उपास डॉक्टरांना विचारूनच. ताप १००.४ झाला की अंगारा लावून वाट बघायची नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल.

"माझ्याच नशिबी का" असं ती विचारेल. उत्तर देऊ नका. आमच्या एका नातेवाईकांनी "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल" म्हटलं आणि आई दोन दिवस नीट जेवली नाही, मला अजून राग येतो. श्रद्धा कमी पडली म्हणून कॅन्सर होत नाही, हे तिला स्पष्ट सांगा. देवावर रागावली तर रागावू द्या, मधे एक आठवडा आईने दिवा लावला नाही, आम्ही पण लाव म्हटलं नाही. सिसली सॉन्डर्स, ज्यांनी १९६७ साली लंडनला हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं, त्या शरीराच्या दुखण्याबरोबर मनाचं, घरच्या काळजीचं आणि आत्म्याचं दुखणं पण धरायच्या. आईजवळ बसल्यावर ते पटलं.

प्रार्थनेने औषध थांबवायचं नाही. भीतीने खाणं-झोप सुटली किंवा "जगायचं नाही" असं बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ पण आहे, फ्री, दिवसरात्र.

रिपोर्टच्या दिवशी वेटिंगमध्ये भजन ऐकायचं असेल तर एकाच कानात लावा, दुसरा कान नाव पुकारतील त्याच्यासाठी मोकळा ठेवा.