नांदूर मध्यमेश्वरला, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या पक्षी अभयारण्यात, पक्षी बघायला ग्रुपने जाताय? मग हे वाचा

डिसेंबर-जानेवारीत जा, कारण ऑक्टोबरात बदकं आलेली असली तरी बरेच नर अजून मादीसारखेच तपकिरी असतात आणि नवीन माणूस पार गोंधळतो. पण धुकं असलं तर अगदी पहाटे धावपळ करून उपयोग नाही, पाण्यावर काहीच दिसत नाही, चहा घ्या निवांत.

ग्रुपमध्ये मुख्य घोळ म्हणजे "तो बघ तिकडे!" तिकडे म्हणजे कुठे बाबा? घड्याळाचे काटे वापरायचे, समोरचं एखादं झाड बारा धरायचं आणि मग "दोन वाजता, गवताच्या अलीकडे, थापट्या" असं हळू आवाजात सांगायचं. बदकाची चोच पसरट दिसली की थापट्या, मान लांब आणि शेपूट टोकदार असेल तर तलवार बदक, एवढं आलं तरी सुरुवातीला पुष्कळ.

सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळेच. पक्षी बघायच्या मनोऱ्यावर सगळ्यांनी एकदम चढू नका, लाकडी फळ्या असल्या तर दणदण आवाज होतो. आणि बदकं अचानक एकदम उडाली की त्यांच्यामागे दुर्बीण फिरवण्याआधी वर बघा, बरेचदा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो.